नायलॉन बनवणाऱ्या वॉलेस कॅरोदर्स यांनी प्लॅस्टिक परत सोडवायची वाटही शोधून ठेवली होती

घरातलं भंगार काढताना एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. पाण्याची रिकामी बाटली भंगारवाला लगेच पोत्यात टाकतो, पण पातळ कॅरीबॅगकडे तो ढुंकूनही बघत नाही. दोन्ही प्लॅस्टिकच, पण एकाला भाव आहे आणि दुसऱ्याला नाही.

यामागे गोळा करण्याचा खर्च आणि बाजारभाव यांचं गणित आहेच. पण बाटली आणि पिशवी यांच्यात अजून एक फरक आहे, तो रसायनशास्त्रातला. बाटलीचं प्लॅस्टिक रसायनांच्या मदतीने सोडवून ज्या कच्च्या मालापासून ते बनलं, त्या मालापर्यंत परत नेता येतं. पिशवीच्या बाबतीत हे फार अवघड जातं.

सध्या जगभर ज्या केमिकल रिसायकलिंगची चर्चा चालू आहे, तिचं मूळ या फरकात आहे. आणि हा फरक १९२९ साली स्वच्छ शब्दांत मांडणारा माणूस होता वॉलेस ह्यूम कॅरोदर्स.

कॅरोदर्स यांची ओळख नायलॉनचे जनक अशी आहे. टूथब्रशच्या केसांपासून पॅराशूटपर्यंत सगळीकडे पोहोचलेला हा धागा त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. पण तो दुकानात विकला जाताना त्यांना बघता आला नाही. प्लॅस्टिकचे रेणू कसे जोडायचे हे शिकवताना ते सुटतात कसे, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. ही बाजू मात्र फारशी कुणाला माहीत नाही.

तर सुरुवात होते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून.

२७ एप्रिल १८९६ रोजी बर्लिंग्टन या गावात कॅरोदर्स यांचा जन्म झाला. चार भावंडांत ते थोरले. वडील डे मॉइन शहरातल्या एका कॉमर्स कॉलेजात शिकवायचे. पोराने हिशेब शिकावा, नोकरीला लागावं असा सरळ हिशेब होता. कॅरोदर्स यांनी वडिलांच्याच कॉलेजातून अकाउंटिंगचं शिक्षण घेतलं.

१९१५ साली ते मिसूरी राज्यातल्या टार्किओ कॉलेजात गेले. तिथे पोट भरायला अकाउंटिंग शिकवायचं आणि स्वतः विज्ञान शिकायचं असं चालू होतं. आर्थर पार्डी नावाच्या शिक्षकांनी त्यांना रसायनशास्त्राची गोडी लावली. पुढे पार्डी दुसरीकडे गेले. पहिल्या महायुद्धाचा काळ, शिक्षक मिळेनात. तेव्हा विद्यार्थी असलेल्या कॅरोदर्स यांनाच रसायनशास्त्र शिकवायला उभं केलं गेलं.

१९२४ साली त्यांनी इलिनॉय विद्यापीठातून पीएचडी घेतली आणि १९२६ साली ते हार्वर्डमध्ये शिकवायला लागले. पण वर्गात उभं राहून बोलणं त्यांना जड जायचं. स्वभाव अबोल, लोकांत मिसळायची भीती. त्यात तरुणपणापासून नैराश्याचे झटके यायचे.

त्याच सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीत एक वेगळा प्रयोग चालू झाला होता. ही कंपनी मूळची बंदुकीची दारू बनवणारी. तिथले संशोधन प्रमुख चार्ल्स स्टाइन यांनी ठरवलं की काही शास्त्रज्ञ असे ठेवायचे, ज्यांच्यावर माल बनवून विकायचं बंधन नसेल. त्यांनी फक्त मूलभूत संशोधन करायचं. कंपनीतल्या लोकांनी या प्रयोगशाळेचं नाव थट्टेने प्युरिटी हॉल ठेवलं.

स्टाइन यांनी कॅरोदर्स यांना बोलावलं. कॅरोदर्स यांनी आधी नकार दिला. आपल्याला मानसिक त्रास आहे, तो विद्यापीठापेक्षा कंपनीत जास्त अडचणीचा ठरेल, असं त्यांनी प्रामाणिकपणे कळवून टाकलं. कंपनीने तरी पिच्छा सोडला नाही. हार्वर्डमध्ये वर्षाला ३,२०० डॉलर मिळत होते, ड्यूपॉन्टने महिन्याला ५०० डॉलर देऊ केले. फेब्रुवारी १९२८ मध्ये कॅरोदर्स डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला रुजू झाले. वय होतं ३१.

आता त्यांच्यापुढचा प्रश्न काय होता ते बघू.

रबर, रेशीम, कापूस हे पदार्थ नेमके कशाचे बनलेत यावर तेव्हा मोठा वाद चालू होता. बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की यात छोटे छोटे रेणू असतात आणि ते कुठल्यातरी गूढ ओढीने एकमेकांना चिकटून बसतात. जर्मन शास्त्रज्ञ हरमान श्टाउडिंगर १९२० पासून सांगत होते की असं काही नाही, हे रेणू खरोखरच प्रचंड लांब साखळ्यांचे आहेत. त्यांच्यावर टीका चालू होती.

कॅरोदर्स यांनी वाद घालण्यापेक्षा साखळी स्वतःच बनवून दाखवायची ठरवली. तीही अशा रासायनिक क्रियांनी, ज्यांच्याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

युक्ती साधी होती. ॲसिड आणि अल्कोहोल यांची क्रिया झाली की एस्टर बनतं आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हे तेव्हा कॉलेजातल्या पोरांनाही माहीत होतं. कॅरोदर्स यांनी ॲसिडचे असे रेणू घेतले ज्यांच्या दोन्ही टोकांना ॲसिड आहे, आणि अल्कोहोलचे असे ज्यांच्या दोन्ही टोकांना अल्कोहोल आहे.

हे रेणू म्हणजे रेल्वेचे डबे समजा. दोन्ही बाजूंना कडी असल्यामुळे एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे जोडत गेलो की गाडी लांबतच जाते. प्रत्येक कडी बसताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. यातून तयार झाले पॉलिएस्टर.

१९२९ साली कॅरोदर्स यांनी अशा पदार्थांची दोन गटांत विभागणी केली. जोडताना पाण्यासारखा छोटा रेणू बाहेर टाकणारे ते कंडेन्सेशन पॉलिमर. काहीच बाहेर न टाकता नुसते एकमेकांत मिसळत जाणारे ते ॲडिशन पॉलिमर.

कॅरोदर्स यांच्यासाठी ही अभ्यासाची सोय होती. पण आज कुठलं प्लॅस्टिक रसायनांनी सहज सोडवता येतं आणि कुठलं नाही, याचा पहिला अंदाज याच विभागणीतून बांधला जातो. बाटलीतलं पीईटी, कपड्यातलं पॉलिएस्टर आणि नायलॉन पहिल्या गटात बसतात. पिशवीतलं पॉलिथिन दुसऱ्या गटात.

पण गाडी एका ठिकाणी अडकली.

साखळी काही केल्या ठरावीक लांबीच्या पुढे जाईना. रेणूचं वजन पाच-सहा हजारांच्या आसपास पोहोचलं की सगळं थांबायचं. कारण होतं तेच बाहेर पडलेलं पाणी. एस्टर बनण्याची क्रिया दोन्ही दिशांनी चालते. ॲसिड आणि अल्कोहोल जोडले जाऊन पाणी सुटतं, आणि तेच पाणी परत येऊन जोडलेली कडी तोडतं. एका बाजूने डबे जोडले जात होते, दुसऱ्या बाजूने सुटत होते.

यावर कॅरोदर्स आणि त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी मॉलिक्युलर स्टिल नावाचं उपकरण वापरलं. यात जवळपास पूर्ण निर्वात जागेत पदार्थ तापवायचा आणि त्याच्या अगदी वर एक थंड पृष्ठभाग ठेवायचा. सुटलेलं पाणी लगेच त्या थंड भागावर गोठून अडकायचं. परत यायला ते मोकळंच राहायचं नाही.

एप्रिल १९३० मध्ये हिल यांनी अशा तापवलेल्या पॉलिएस्टरमध्ये कांडी बुडवून वर काढली तर चिवट धागा निघाला. रेणूचं वजन १२ हजारांच्या वर गेलं होतं. धागा थंड झाल्यावर ओढला तर तो कित्येक पट लांब व्हायचा आणि तुटण्याऐवजी रेशमासारखा चमकदार आणि मजबूत व्हायचा. प्रयोगशाळेतल्या पोरांनी हा धागा धरून व्हरांड्यात पळत जाऊन तो किती लांबतो ते पाहिलं, असा किस्सा सांगितला जातो.

त्याच महिन्यात कॅरोदर्स यांच्याच गटातल्या अर्नोल्ड कॉलिन्स यांच्या हाताला कृत्रिम रबर लागलं. तेच आजचं निओप्रीन. एका महिन्यात दोन मोठे शोध.

पण या पॉलिएस्टरचा कपड्यांसाठी काही उपयोग नव्हता. कॅरोदर्स यांनी निवडलेल्या ॲसिड आणि अल्कोहोलमुळे तो धागा १०० अंशांच्या आतच वितळायचा. इस्त्री फिरवली तर कापडच गेलं असतं.

इथे त्यांच्या कामाचा तो भाग येतो, जो आजच्या रिसायकलिंगच्या सगळ्यात जवळचा आहे.

साखळ्या लांब करता करता कॅरोदर्स यांना दिसलं की निर्वात जागेत योग्य पदार्थ मिसळून तापवलं तर लांब साखळी मोडते. तिचे तुकडे आपली दोन टोकं जुळवून गोल कडं बनवतात आणि वाफ होऊन वर येतात. त्यांनी हा प्रकार मुद्दाम करून बघितला. पॉलिएस्टर घ्यायचं, तापवून मोडायचं आणि येणारी कडी गोळा करायची.

यातल्या काही कड्यांना कस्तुरीसारखा वास होता.

कस्तुरी म्हणजे कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून मिळणारा महागडा सुगंध. तिच्यातला वासाचा मुख्य रेणू १५ कार्बनचं मोठं कडं आहे, हे लिओपोल्ड रुझिचका यांनी १९२६ साली दाखवलं होतं. पण एवढं मोठं कडं प्रयोगशाळेत बनवणं किचकट होतं. कॅरोदर्स यांच्या गटाने वेगळी वाट काढली. आधी लांब साखळी बनवायची, मग ती मोडून कडं मिळवायचं. यातलंच एक रसायन ड्यूपॉन्टने ॲस्ट्रोटोन या नावाने अत्तराच्या धंद्यासाठी विकायला काढलं.

ही साखळी कचऱ्यातून आलेली नव्हती, ती प्रयोगशाळेतच बनवलेली होती. पण पॉलिमर मोडून त्याच्यापेक्षा महाग वस्तू मिळवता येते, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

१९३२ साली त्यांच्या गटाने लॅक्टिक ॲसिडपासून मिळणाऱ्या लॅक्टाइड या छोट्या कड्यावरही काम केलं. लॅक्टिक ॲसिड म्हणजे दही ज्याने आंबट होतं ते. लॅक्टाइड तापवलं की कडी उघडून साखळी होते, आणि ती साखळी तापवली की परत कडी मिळतात. आज पीएलए नावाचं जे प्लॅस्टिक मक्यापासून किंवा उसापासून बनवतात, ते या लॅक्टाइडपासूनच बनतं. ते कच्च्या मालापर्यंत परत न्यायचा एक मार्गही तोच आहे.

दरम्यान कंपनीतलं वारं बदललं होतं. १९३० मध्ये स्टाइन यांच्या जागी एल्मर बोल्टन आले. देशात मंदी होती आणि बोल्टन यांना विकता येईल असा माल हवा होता. मूलभूत संशोधनासाठी आलेल्या कॅरोदर्स यांना १९३४ मध्ये परत धाग्याकडे वळावं लागलं.

यावेळी त्यांनी अल्कोहोलऐवजी अमाइन वापरलं. ॲसिड आणि अमाइन यांची कडी एस्टरपेक्षा बरीच चिवट असते. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी जेरार्ड बर्शे यांनी कॅरोदर्स यांच्या देखरेखीखाली एक पॉलिमर बनवला. त्याच्या दोन्ही कच्च्या मालांत सहा-सहा कार्बन होते, म्हणून त्याला ६६ म्हटलं गेलं. कॅरोदर्स यांचा कल दुसऱ्या एका पॉलिमरकडे होता. पण ६६ चा कच्चा माल कोळशातून मिळणाऱ्या बेंझिनपासून स्वस्तात बनवता येणार होता, म्हणून बोल्टन यांनी ६६ निवडला.

हाच तो नायलॉन.

धागा तयार होत होता, पण तो बनवणारा माणूस आतून खचत चालला होता. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्यांनी ड्यूपॉन्टच्याच पेटंट विभागात काम करणाऱ्या हेलन स्वीटमन यांच्याशी लग्न केलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर त्यांची निवड झाली. कंपनीत काम करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

पण काही महिन्यांतच त्यांना फिलाडेल्फियाच्या मानसोपचार रुग्णालयात दाखल करावं लागलं. आपल्याला आता काही नवीन सुचत नाही, आपण अपयशी आहोत, हा विचार त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. जानेवारी १९३७ मध्ये त्यांची लाडकी बहीण इझोबेल गेली. ती रेडिओवरची नावाजलेली कलाकार होती.

९ एप्रिल १९३७ रोजी नायलॉनच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्यानंतर वीस दिवसांनी, २९ एप्रिलला, फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात कॅरोदर्स यांनी आपलं आयुष्य संपवलं. दोनच दिवसांपूर्वी त्यांना ४१ वर्षं पूर्ण झाली होती. हेलन तेव्हा गरोदर होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना मुलगी झाली.

नैराश्यावर आज आहेत तशी औषधं आणि उपचार तेव्हा नव्हते.

२७ ऑक्टोबर १९३८ रोजी नायलॉन जगासमोर आलं. १५ मे १९४० रोजी अमेरिकेत नायलॉनचे स्टॉकिंग्ज विक्रीला आले आणि दुकानांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. दुसऱ्या महायुद्धात सगळं नायलॉन सैन्याकडे वळलं. १९४२ च्या अखेरीस तर बायकांकडून रेशमाचे आणि नायलॉनचे जुने स्टॉकिंग्ज परत गोळा करायची मोहीम निघाली. बाजारात आल्यावर अडीच वर्षांच्या आत नायलॉन पुन्हा वापरायची वेळ आली होती.

त्यांचं अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्यांनी पुढे नेलं. १९४१ साली इंग्लंडमध्ये रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी कॅरोदर्स यांच्याच पद्धतीने पॉलिएस्टर बनवलं, पण ॲसिड बदलून टेरेफ्थॅलिक ॲसिड घेतलं. हा धागा इस्त्रीला टिकला. तेच पीईटी. पुढे १९७३ साली ड्यूपॉन्टच्याच नॅथॅनिएल वायेथ यांना पीईटीच्या बाटलीचं पेटंट मिळालं.

कॅरोदर्स यांचा एक अंदाज चुकलाही होता. कॅप्रोलॅक्टम या रसायनापासून पॉलिमर बनत नाही, असं त्यांनी आणि बर्शे यांनी १९३० मध्ये नोंदवलं होतं. १९३८ मध्ये जर्मनीत पॉल श्लाक यांनी त्यापासूनच नायलॉन ६ बनवलं. गंमत म्हणजे आज परत सोडवायला सगळ्यात सोपं पडणारं नायलॉन हेच. साखळी मोडली की एकच रसायन हाती येतं, ते शुद्ध करून पुन्हा नायलॉन बनवता येतं. इटलीची ॲक्वाफिल कंपनी २०११ पासून स्लोव्हेनियातल्या कारखान्यात मासेमारीची जुनी जाळी आणि गालिचे यांच्यावर हेच करते.

मग बाटलीचं काय होतं?

साधं रिसायकलिंग म्हणजे बाटली धुवायची, तुकडे करायचे, वितळवायचे. पण प्रत्येक वेळी वितळवताना साखळ्या थोड्या तुटतात. तुकड्यांत ओल राहिली तर आणखी तुटतात, म्हणून ते आधी खडखडीत वाळवावे लागतात. कॅरोदर्स यांना ज्या पाण्याने छळलं, तेच पाणी इथेही आडवं येतं. साखळ्या आखूड झाल्या की मालाचा दर्जा उतरतो.

केमिकल रिसायकलिंगमध्ये याच्या उलटं करतात. पाणी, मिथेनॉल किंवा ग्लायकॉल मुद्दाम घालून, तापवून, सगळ्या कड्या सोडवतात. मिळालेला कच्चा माल शुद्ध केला की त्यापासून नव्यासारखंच पीईटी बनतं. किंवा साखळी अर्धवट सोडवून त्या तुकड्यांपासून फोम आणि फायबरग्लासला लागणारं रेझिन अशा वेगळ्या वस्तू बनवतात. २०१६ साली तर जपानमधल्या साकाई शहरात पीईटी खाणारा जिवाणू सापडल्याचं जाहीर झालं. तोही पाण्याच्या मदतीने याच कड्या तोडतो.

पॉलिथिनमध्ये मात्र अशी कडी नसते. तिथे कार्बनला कार्बन सलग जोडलेला असतो, पाण्याने सुटेल असा सांधाच नाही. मग ते प्रचंड तापवून फोडावं लागतं आणि त्यातून तेल, मेण आणि वायू यांचं मिश्रण मिळतं. एकच एक शुद्ध कच्चा माल हाती येत नाही.

अर्थात, पीईटी आणि नायलॉनसाठीही हे काम फुकटात होत नाही. उष्णता लागते, रसायनं लागतात, रंग आणि मिसळलेलं दुसरं प्लॅस्टिक वेगळं काढावं लागतं. कच्चं तेल स्वस्त झालं की नवं प्लॅस्टिक अजून स्वस्त पडतं आणि असे कारखाने अडचणीत येतात. शिवाय कचरा वेगवेगळा गोळा करणारे हात नसतील तर कारखान्याला मालच मिळत नाही.

तरी एक गोष्ट कॅरोदर्स यांच्या कामातून पक्की कळते. वस्तू परत सोडवता येईल की नाही, हे बरंचसं ती बनवताना कुठली कडी वापरली यावरून ठरतं. आज अनेक प्रयोगशाळांमध्ये नवीन प्लॅस्टिक बनवताना ते सुटेल कसं हे आधी बघितलं जातं. त्या कामाला लागणारं मूळ रसायनशास्त्र कॅरोदर्स यांनी विल्मिंग्टनमधल्या नऊ वर्षांत लिहून ठेवलं होतं.